नाके उरले, थांबणं गेलं

भिवंडीत पत्ता सांगायचा तर नाक्याशिवाय पुढे सरकता येत नाही. धामणकर नाका, कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, नदी नाका. गावाबाहेर पडलं की राजणोली नाका, माणकोली नाका. रिक्षावाला आधी नाका विचारतो, मग मोहल्ला, मग घर. आमच्या पिढीने हा शब्द ऐकला तो थांबण्याशी जोडूनच. नाका म्हणजे जिथे गाडी उभी राहते, क्लीनर उडी मारून उतरतो आणि कोणीतरी विचारतं, ‘कुठून आलात? काय आणलंत?’ आज आमच्या मुलांना नाका म्हणजे चौक, फार तर वाहनं तुंबण्याची जागा. शब्द दोघांच्या तोंडी एकच आहे, त्यातला आमचा अर्थ मात्र आमच्याबरोबर संपणार आहे.

सत्तरच्या दशकात, आम्ही शाळेत असताना, भिवंडीहून कल्याणला जाणं हा प्रवास होता. अंतर दहा-बारा किलोमीटर, पण त्यासाठी आदल्या रात्री धुतलेले कपडे काढून ठेवले जायचे. एसटी कोनगाव मागे टाकून खाडीकडे निघाली की आजी कमरेचा बटवा सोडायची. त्यातून पाच पैशांचं नाणं निघायचं. ते चौकोनी, ॲल्युमिनियमचं नाणं इतकं हलकं असायचं की ते पाण्यात न पडता वाऱ्याने पुलावरच पडेल, अशी मला दर वेळी धास्ती वाटायची. पूल लागला की आजी समोरच्या दुर्गाडी किल्ल्याकडे बघून हात कपाळाला लावायची आणि मग खिडकीतून नाणं सोडायची. ते पडताना कधी दिसलं नाही, आवाज तर शक्यच नव्हता. एकदा मी विचारलं, ‘देवी वर टेकडीवर आहे, मग पैसे खाली पाण्यात का?’ ती म्हणाली, ‘देवीला नमस्कार केला. पैसे हद्दीचे. हद्द ओलांडताना रिकाम्या हाताने जाऊ नये.’

आता दुर्गाडीला सहापदरी पूल झाला आहे. त्याच्या पहिल्या मार्गिका २०२१ साली सुरू झाल्या. गाडीच्या काचा बंद असतात, आतली माणसं मोबाइलमध्ये असतात आणि रस्ता मोकळा असेल तर खाडी मिनिटभरात मागे पडते. माझा मुलगा रोज हा पूल ओलांडतो. भरती होती की ओहोटी, हे त्याला सांगता येत नाही. पण जुन्या पुलाची आठवण काढून गळा काढावा, इतकीही ती सोय मोठी नव्हती. आमच्या शेजारच्या एका बाईला बाळंतपणासाठी कल्याणला नेताना गाडी पुलाच्या तोंडाशी दोन तास अडकली होती. ती आणि बाळ दोघं वाचले, हे नशीब. त्या रात्री नवा पूल असता तर आजीनेही नाणं टाकण्याआधी पुलालाच नमस्कार केला असता.

आजीला ‘हद्द’ हा शब्द कुठून मिळाला, हे मला फार उशिरा कळलं. तिला इतिहास वाचता येत नव्हता, पण ती ज्या पाण्याला हद्द म्हणत होती ते पाणी दोन हजार वर्षं हद्दच होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचं नाव ‘कॅलिएना’ असं येतं. त्यातही बातमी आहे ती अडवणुकीची: कल्याण बंदरात चुकून आलेली ग्रीक गलबतं पहारा बसवून भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात हे बंदर सापडलं होतं. म्हणजे आपल्या गावाविषयीच्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक हे नाक्याविषयीचं आहे. त्याच काळात कल्याणचे व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांना दानं देत होते आणि ती दानं तिथे कोरलेली आहेत. अडवलेलं गलबत आणि दिलेलं दान या दोन्ही गोष्टी एकाच खाडीकाठच्या.

मग हद्द आणखी अवघड झाली. सोळाव्या शतकापासून वसई, साष्टी आणि ठाणं फिरंग्यांकडे, तर कल्याण-भिवंडी आधी निजामशाहीकडे आणि मग विजापूरकरांकडे. मधे उल्हासची खाडी. खाडीचं तोंड एकाच्या ताब्यात आणि पोट दुसऱ्याच्या. भिवंडीच्या कामवारी नदीतून निघालेलं तांदळाचं गलबत समुद्राला लागायचं तर फिरंग्यांच्या तोफांखालूनच जायचं. खारबावकडे आजही फिरंगपाडा नावाची वस्ती आहे. तिच्या नावातच सरहद्दीची खूण शिल्लक राहिली आहे.

२४ ऑक्टोबर १६५७ ला शिवाजी महाराजांच्या माणसांनी कल्याण आणि भिवंडी एकदमच घेतली. दोन्ही गावं एकदम घ्यावी लागली, कारण ती एकाच खाडीची दोन कवाडं आहेत. कल्याणच्या खाडीकाठी टेकडीवर दुर्गाडी बांधायला घेतला आणि खाली गलबतं. रुई लैतांव व्हिएगश आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज कारागीर आपल्या तीनशेहून अधिक माणसांसह या कामावर होते. ही गलबतं कोणाविरुद्ध जातील, याची धास्ती वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला होती. त्याने या कारागिरांचं मन वळवलं आणि १६५९ मध्ये ते काम टाकून निघून गेले. काम मात्र बंद पडलं नाही. मराठी आरमाराची सुरुवात शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते. आमच्यासाठी ती आमच्या एसटीच्या खिडकीखाली घडली होती आणि शाळेत असताना कोणीही आम्हाला ते त्या खिडकीतून दाखवलं नाही.

पलीकडे कल्याणला तटच होता. अकरा बुरूज, चार दरवाजे. औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये, मोगल फौजदार मोतबरखानाने तो पुरा केला. त्याची कबर शेनाळे तळ्याकाठी आहे. तटाच्या गावातला दिवस दरवाजा उघडण्यापासून सुरू व्हायचा आणि दरवाजा लागला की संपायचा. जो उशिरा आला तो बाहेर. इंग्रजी अमलात हा तट निरुपयोगी ठरला आणि त्याचे दगड धक्क्याच्या बांधकामाला गेले. आता कल्याणमध्ये तट शोधत फिरलात तर तट कमी सापडतो, नावं जास्त सापडतात.

तटाची हळहळ वाटताना मी स्वतःला अडवतो. तट कोणी बांधला? ज्यांच्या पाठीवर दगड चढले त्यांची नावं कुठेच नाहीत. सरहद्दीच्या गावावर दर पंचवीस-तीस वर्षांनी नवी फौज यायची. विजापूरकर, मराठे, मोगल, पुन्हा मराठे आणि १७८० मध्ये इंग्रज. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्याच तालुक्यात दुगाडला लढाई झाली आणि रामचंद्र गणेश कानडे हे सरदार तिथे पडले. आज दुगाडला गेलं तर डोंगर दिसतो, गुमतारा किल्ला दिसतो आणि भाताची खाचरं दिसतात. प्रत्येक फौजेला धान्य लागायचं आणि ते त्याच खाचरांतून जायचं. सरहद्द नकाशावर सुंदर दिसते. तिच्यावर राहणाऱ्याच्या कणगीत मात्र तिचा हिशेब उणाच निघतो.

तरीही सरहद्दीने माणसं घडवली हेही खरं. अंजूरफाट्याला आपण रोज बस बदलतो. ज्या अंजूर गावाकडे तो फाटा जातो, तिथले गंगाजी नाईक अंजूरकर फिरंग्यांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे खेटे घालत राहिले. अखेर १७३७ मध्ये मोहीम निघाली, ठाणं पडलं, साष्टी आली, १७३९ च्या मे महिन्यात वसई आली आणि चिमाजी अप्पांनी नवस फेडला तो आमच्याच तालुक्यातल्या वज्रेश्वरीला. तिथलं देऊळ पाहा: भक्कम दगडी तट, वर नगारखाना, चढायला पायऱ्या. देवीचं देऊळसुद्धा किल्ल्यासारखं बांधावं असं वाटण्याचा तो काळ होता. आता वज्रेश्वरीला रविवारी गाड्या लावायला जागा नसते. माणसं गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून परततात आणि त्या तटाला टेकून फोटो काढतात. त्यात वाईट काही नाही. निर्भयपणे तटाला टेकता येतं, यासाठीच तर लोक लढले असतील.

माझ्या मनात सर्वांत जास्त घर करून आहे ती होडी. मामाचं घर डोंबिवलीला. भिवंडीहून सरळ वाट म्हणजे माणकोलीला जायचं, तिथून खाडीकाठी चालत आणि पलीकडे मोठागावच्या रेतीबंदराला होडीने. काठावर उभं राहून हाक मारायची: ‘होऽऽ’. नाखवा पलीकडे असायचा. हाक पोहोचली की तो हात वर करायचा आणि मग निघायच्या आधी निवांत बिडी संपवायचा. आम्ही थांबायचो. ओहोटी असली की गुडघाभर गाळ, त्यावर टाकलेली एक फळी आणि त्या फळीवरून चप्पल हातात घेऊन जायचं. होडीत आगरी बायकांच्या पाट्या असायच्या: वाल, भेंडी, निवट्या, कोलीम. एखादी सायकल आडवी. नवी नवरी असली तर तिला मधल्या फळीवर बसवायचे आणि बाकीच्यांनी कडेला सरकायचं. मधोमध आलं की बोलणी आपोआप थांबायची. का ते माहीत नाही. पाण्याचा आवाज आणि वल्ह्याची कुरकुर, एवढंच. मग पलीकडचा कोणी ओळखायचा, ‘भिवंडीची पोरं ना तुम्ही?’ म्हणजे आम्ही आलो आहोत, हे उतरण्याआधीच तिथे ठाऊक झालेलं असायचं.

पावसाळ्यात तीच होडी जीव मुठीत धरून. उधाणाच्या दिवशी आईने एका हाताने मला आणि एका हाताने होडीची कड अशी धरली होती की घरी आल्यावर माझ्या दंडावर तिची बोटं उमटलेली होती. तिला पोहता येत नव्हतं. होडीतल्या बहुतेक बायकांना येत नव्हतं. तेव्हा होडीला कोणी रम्य म्हटलेलं मला आठवत नाही. रम्य ती आता झाली, त्याच जागी माणकोली-मोठागावचा पूल उभा राहिल्यावर. पूल हवाच होता. खाडीकाठच्या गावांनी तो पिढ्यानपिढ्या मागितला होता. पण पुलावरून जाणाऱ्याला पलीकडून कोणी हाक मारत नाही. तो पोहोचतो, पण आलेला कोणाला कळत नाही.

दुसरी आठवण जकातीची. वडील सुताच्या पेढीवर दिवाणजी होते. मुंबईहून सुताच्या गाठी यायच्या, त्यांचे कागद ते सांभाळायचे. जकात नाका म्हणजे पत्र्याची टपरी, रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड आणि टेबलावर कार्बन घातलेलं पावतीपुस्तक. शिपायाच्या हातात लांब लोखंडी सळई असायची. ती तो पोत्यात, गाठोड्यात खुपसायचा आणि नुसत्या हाताच्या जाणिवेने सांगायचा, वर तांदूळ आहे, खाली दुसरं काहीतरी आहे. आम्हा मुलांना तो जादूगार वाटायचा. वडिलांना तो मुळीच तसा वाटायचा नाही. पावतीवरचा एक आकडा पुसट उमटला म्हणून एका नाक्यावर त्यांना रात्रभर बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. पहाटे घराघरांत अभ्यंगस्नानं चालली असताना ते धुळीने माखलेले दारात उभे राहिले आणि आईने काही न बोलता पाणी तापत ठेवलं. चहापाण्याचे किती गेले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वहीत मात्र ‘किरकोळ’ या नावाखाली एक रक्कम असायची, ती किरकोळ नव्हती.

अशी जकात गेली याचं कोणाला दुःख व्हावं? १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबईचीही जकात संपली. चांगलंच झालं. पण त्या टपरीभोवती जे होतं तेही संपलं. गाड्या उभ्या राहायच्या म्हणून चहावाला होता, चहावाला होता म्हणून बाकडं होतं आणि बाकडं होतं म्हणून इंदूरहून आलेला ड्रायव्हर आमच्या वडिलांना तिकडचा कापसाचा भाव सांगायचा. लग्नपत्रिका नाक्यावर ठेवल्या जायच्या, ‘अमुक गाडी आली की द्या’ म्हणून. एका ड्रायव्हरने माझ्या बहिणीसाठी स्थळ सुचवलं होतं. ते जमलं. माझे मेहुणे आज सत्तरीला आले आहेत आणि त्यांचं लग्न जकात नाक्यावर ठरलं, हे ते अजून अभिमानाने सांगतात.

गंमत म्हणावी की नियती, आजची भिवंडीसुद्धा हद्दीनेच उभी केलेली आहे. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे या गावांच्या शेतांत गोदामं का उगवली? मुंबई आणि ठाण्याच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर, जागा हवी होती. माल इथे उतरवायचा आणि लागेल तेवढाच हद्दीच्या आत न्यायचा. सोळाव्या शतकात जे काम बंदरातल्या वखारी करत होत्या तेच काम पत्र्याच्या गोदामांनी केलं. जकात गेल्यावर ती ओस पडतील असं वाटलं होतं, पण ती वाढतच गेली. मुंबईतल्या माणसाने मोबाइलवर मागवलेली वस्तू आदल्या रात्री बहुधा आमच्या तालुक्यात मुक्कामाला असते. आमची पोरं तिथे कामाला जातात, भाताच्या एका पिकावर मिळालं नसतं इतकं कमावतात. ज्या खाचरांची मी आठवण काढतो त्यांत वाकून कंबर मोडलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांनी जमीन विकली याचा दोष मी त्यांना देऊ शकत नाही.

थांबणं मात्र आजही सुटलेलं नाही. माणकोलीला, राजणोलीला, अंजूरफाट्याला आम्ही रोज थांबतो. कंटेनर एकामागे एक लागलेले, वर मेट्रोचे खांब, खाली खड्डे. पूर्वी दहा मिनिटं थांबायचो तेव्हा तीन माणसं भेटायची. आता दीड तास थांबतो आणि शेजारच्या गाडीतल्या माणसाचा चेहराही बघत नाही. तेव्हा आम्हाला कोणीतरी थांबवायचा, त्याच्याशी बोलता यायचं, भांडता यायचं, ओळख काढता यायची. आता आम्हाला थांबवणारा कोणी नाही, म्हणून जाब कोणाला विचारायचा हेही कळत नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर मी बराच विचार केला. भिवंडीवर लिहायचं आणि ती टाळायची, हे मला जमणार नाही. ७ मे १९७० आणि पुन्हा मे १९८४. पहिल्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाचा मोठा अहवाल आहे. तो ज्याला वाचायचा त्याने वाचावा. मी सांगतो ते एवढंच की त्या दिवसांत आम्हाला पहिल्यांदा कळलं, हद्द फक्त खाडीवर नसते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा नळ होता. एका बाजूला आमची घरं, दुसऱ्या बाजूला मोमीनांची. आजमगढहून आलेले एक चाचा तिथे चार लूम चालवायचे. त्यांच्या कारखान्याची खटखट बंद झाली की आम्हाला जाग यायची, इतकी ती आमच्या झोपेत मिसळली होती. चौऱ्याऐंशीच्या संचारबंदीत दोन तासांची सूट मिळाली की नळावर दोन रांगा लागायच्या. त्याआधी एकच असायची. पुढच्या वर्षी चाचांनी घर विकलं आणि वंजारपट्टी नाक्यापलीकडे गेले. आमच्या बाजूचेही दोघं-तिघं इकडे आपल्या माणसांत आले. कोणी कोणाला हाकललं नाही. चाचांचं नवं घर रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. ते वारेपर्यंत मी तिथे तीनदा गेलो. आजी असती तर मला विचारलं असतं, प्रत्येक वेळी हद्दीला काय दिलंस?

म्हणून जुनं गाव एकोप्याचं आणि नवं दुराव्याचं, असं मी म्हणणार नाही. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्हीकडच्या माणसांना एका सतरंजीवर बसवलं आणि पाण्याच्या नळापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत सगळं बोलायला लावलं. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ते काम आमच्या आठवणींनी केलेलं नाही, त्या सतरंजीवर बसलेल्या माणसांनी केलं. जुन्या नळावरची एक रांग खरी होती, पण तिने आम्हाला चौऱ्याऐंशीत वाचवलं नाही हेही तितकंच खरं.

खाडीचं आणि कामवारीचं काय सांगू? कामवारीत आम्ही पाय बुडवलेत. पुढे सायझिंग आणि डाइंगचं पाणी तिच्यात सुटलं आणि तिचा रंग त्या त्या दिवशीच्या कापडावर ठरू लागला. पुढच्या पिढीला ती नाला म्हणूनच ठाऊक आहे. आमच्या घरची चूल त्याच कापडावर पेटायची, म्हणून आम्ही गप्प बसलो. नारळी पौर्णिमेला खाडीकाठचे कोळी आणि आगरी आजही नारळ वाहतात. ज्या पाण्यात मासळी उरली नाही त्याला नारळ वाहणाऱ्यांपुढे मला बोलायला तोंड नाही.

गेल्या वर्षी वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. आत जकातीच्या पावत्यांचा गठ्ठा निघाला, सुतळीने बांधलेला. कार्बनची निळी अक्षरं पुसट झालेली, तरी वाचता येतात: गाठी किती, वजन किती, कुठून कुठे, रक्कम आणि खाली कोणाची तरी घाईतली सही. घरच्यांचं म्हणणं होतं की हे रद्दीत द्यावं. मी दिलं नाही. शेजाऱ्यांकडे विचारलं तर एकाकडे लूमच्या परवान्याचा जुना कागद निघाला, एकाकडे संचारबंदीतला पास. कोनगावच्या एका मित्राकडे त्याच्या आजोबांची, तांदूळ गलबताने मुंबईला पाठवल्याच्या हिशेबाची मोडी वही आहे. ती वाचता येणारं घरात कोणी नाही, म्हणून ती माळ्यावर आहे. फौजा आणि फौजदार यांची नोंद ग्रंथांत झाली. ज्यांनी या हद्दीवर पैसे भरले, गाठी सोडल्या, रात्री जागवल्या त्यांची नोंद असल्या पेट्यांतच आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ती थोडी थोडी जाते आहे.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर या दिवाळीत ती रद्दीवाल्याला देऊ नका. मोडी वही असेल तर मोडी वाचणारा गाठा. ठाण्यात, कल्याणात अशी माणसं अजून आहेत. पावत्यांचे फोटो काढून ठेवा, मागे घरातल्या थोरांनी सांगितलेलं दोन ओळींत लिहा. पेटीच्या तळाशी मला आजीचा बटवाही सापडला. त्यात पाच पैशांची सात चौकोनी नाणी आहेत. येत्या नवरात्रात मी कोनगावला बसमधून उतरणार आहे आणि दुर्गाडीचा पूल चालत ओलांडणार आहे. तुम्हीही या. भरती किती वाजता आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.